कुलूप, किल्ली आणि घरमालक

आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मध्यंतरी मला जिन्यात थांबवून एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा यंदा बारावीला आहे. "काका, तो रात्री एक-एक वाजेपर्यंत गेम खेळत बसतो अशी माझी समजूत होती. आता कळलं की तो खेळत नसतोच, गेम फोडत असतो! कसल्याशा कुलूपबंद फाइली उघडतो, आतली चित्रं बाहेर काढतो, बदलतो आणि पुन्हा आत घालतो. तुम्ही बँकेत होतात. ही चोरी तर नव्हे ना?"

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला चोरीतले बरेच कळत असणार, हा त्यांचा तर्क मी हसून पचवला. पण प्रश्न जिन्यात उभ्याउभ्या निकालात काढण्यासारखा नव्हता. म्हणून दोन रविवार त्या मुलाजवळ बसलो. तो काय करतो ते समजून घेतले, काही वाचले, काही त्याने वाचायला लावले. घरोघरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी आज आहे. त्यांच्या आईवडिलांना हा उद्योग निदान काय आहे एवढे तरी कळावे, म्हणून हा प्रपंच.

संगणकावरचा खेळ म्हणजे ढोबळमानाने दोन वस्तू असतात. एक, खेळ चालवणारा प्रोग्रॅम. दुसरी म्हणजे त्याने मांडायचा माल: चित्रे, आवाज, संगीत, नकाशे, पात्रांचे संवाद. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर रंगमंच, पडदा ओढणारा आणि प्रकाशयोजनेवाला ही झाली यंत्रणा. नेपथ्य, कपडेपट आणि संहिता हा झाला माल. या मालाला त्या धंद्यात 'असेट' म्हणतात. आम्ही बँकवाले ताळेबंदाच्या उजव्या बाजूला जे लिहायचो तेच नाव. आणि नाव चुकलेले नाही, कारण खेळाच्या खर्चाचा मोठा वाटा बहुधा याच मालावर पडतो. हा माल मोकळा न ठेवता एका किंवा अनेक मोठ्या गाठोड्यांत बांधलेला असतो. गाठोडे सोडायचे, आतली एखादी वस्तू बदलायची आणि खेळाला नवे रूप द्यायचे, याला 'मॉड' करणे म्हणतात. 'मॉडिफिकेशन'चे हे लाडके नाव.

या गाठोड्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात इड सॉफ्टवेअर नावाची मूठभर तरुणांची कंपनी होती. तिने १९९२ मध्ये 'वुल्फेनस्टाइन थ्री-डी' हा खेळ काढला. कंपनीने कुणालाही आमंत्रण दिले नव्हते, तरी खेळणाऱ्यांनी फाइलींचा छडा लावून त्यात आपापले नकाशे आणि चित्रे घुसवली. कुणी तर खेळातल्या खलनायकाच्या जागी लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला जांभळा डायनोसॉर नेऊन उभा केला. दुसऱ्या एखाद्या कंपनीने वकिलाला फोन केला असता. इडचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक मात्र खूश झाला. पुढचा खेळ 'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी आला, तेव्हा त्याने सगळा माल प्रोग्रॅमपासून वेगळा काढून एका स्वतंत्र फाइलीत ठेवला आणि तिला नाव पडले 'वॅड'. 'सगळा डेटा आहे कुठे?' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे.

वॅडची रचना पाहून मला आमच्या जुन्या लेजरची आठवण झाली. फाइलीच्या आरंभी चार अक्षरांची ओळख, मग आत किती नोंदी आहेत तो आकडा, मग अनुक्रमणिका कोणत्या पानावर आहे तो आकडा. अनुक्रमणिकेत प्रत्येक नोंदीला सोळा बाइट : माल कुठून सुरू होतो, किती आहे आणि आठ अक्षरांपर्यंतचे नाव. खातेदाराचे नाव, फोलिओ क्रमांक, झाले! कुलूप नाहीच. शिवाय एक सोय अशी की मूळ फाइलीला हात न लावता आपली छोटी पुरवणी-फाइल शेजारी ठेवायची. खेळ सुरू होताना पुरवणीत एखाद्या नावाची वस्तू सापडली तर तीच वापरली जाते, नाही तर मूळची. मूळ लेजर अबाधित आणि दुरुस्ती वेगळ्या कागदावर. कोणताही ऑडिटर या व्यवस्थेवर खूश होईल.

कंपनीतल्या सर्वांना हा मोकळेपणा पसंत नव्हता. पण कारमॅकचे म्हणणे चालले. १९९४ च्या सुरुवातीलाच खेळाडूंनी स्वतःच डूमचे नकाशे बनवण्याची अवजारे तयार केली आणि जगभरातून नव्या नकाशांचा पूर लोटला. मात्र एक मेख मारलेली होती. डूमचा पहिला भाग फुकट वाटला जाई आणि पुढचे भाग पैसे भरून घ्यावे लागत. फुकटच्या आवृत्तीला पुरवणी-फाइल जोडायला गेले की खेळ ती नाकारी आणि आधी नोंदणी करा म्हणून सांगे. म्हणजे, बाबांनो, घरात हवी तशी रंगरंगोटी करा, पण आधी घर विकत घ्या. व्यापार आणि औदार्य एका खिशात कसे नांदू शकतात याचे इतके सोपे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आणि या औदार्यातून काय निघाले ते पाहावे. 'हाफ-लाइफ' या खेळावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' नावाचे मॉड केले. ले तेव्हा कॅनडात विद्यार्थी होता. मूळ खेळाची कंपनी व्हॉल्व्हने दुसऱ्याच वर्षी ते मॉड विकत घेतले आणि त्या दोघांना नोकरीवर ठेवले. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एक अख्खी पिढी ज्या खेळापायी क्लास बुडवत असे, तो हाच. (त्यातल्या कितीजणांनी तो विकत घेतला होता, हे लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथला विचारावे.)

आता कुलुपाकडे वळू. डूमची उघडी वखार हा अपवाद. बऱ्याच कंपन्या गाठोडे बांधतात आणि वर कुलूपही घालतात. 'डायब्लो' आणि 'वॉरक्राफ्ट'वाल्या ब्लिझार्ड कंपनीच्या जुन्या गाठोड्यांत तर आतल्या वस्तूंची नावेच लिहिलेली नसत. नावापासून गणिताने काढलेले आकडे तेवढे असत. वस्तूचे नेमके नाव ठाऊक असेल तरच ती सापडायची, आणि कुलूप घातलेल्या फाइलीची किल्लीही त्या नावावरूनच तयार व्हायची. त्यामुळे हौशी मंडळींनी हजारो नावे अंदाजाने ताडून त्यांच्या याद्या केल्या आणि एकमेकांना दिल्या. चिकाटी पाहावी तर अशा लोकांची!

शेजारच्या मुलाने फोडलेले कुलूप याहून पुष्कळ साधे होते. जपानमध्ये तयार झालेले 'आरपीजी मेकर' नावाचे एक साधन आहे; ते वापरून दोन-तीन माणसेसुद्धा घरबसल्या खेळ बनवू शकतात. त्याच्या २०१५ मध्ये आलेल्या 'एमव्ही' आवृत्तीत चित्रांना आणि आवाजांना कुलूप घालण्याची सोय आहे. हे कुलूप चित्राच्या फक्त पहिल्या सोळा बाइटांना लागते. प्रत्येक बाइटात किल्लीचा एक आकडा ठरावीक रीतीने मिसळायचा. तोच आकडा त्याच रीतीने पुन्हा मिसळला की मूळ बाइट परत मिळतो. गंमत अशी की 'पीएनजी' जातीच्या प्रत्येक चित्राचे पहिले सोळा बाइट जगभर सारखेच असतात. आपल्या जुन्या पत्रांचा आरंभ आठवा : वर 'श्री', खाली 'सा. न. वि. वि.'. उद्या कुणी असे पत्र सांकेतिक लिपीत लिहिले तरी पहिली ओळ काय असणार हे आपल्याला आधीच ठाऊक. मूळ ठाऊक, सांकेतिक रूप समोर. दोन्ही ताडून पाहिली की किल्ली हातात पडते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कच्या मंडळींनी जर्मन संदेशांतल्या ठरावीक साच्याच्या मजकुराचा असाच उपयोग करून घेतला होता. आमच्या मुलाला मात्र एवढेही करावे लागले नाही. त्या खेळाच्याच दुसऱ्या एका फाइलीत किल्ली साध्या अक्षरांत लिहून ठेवलेली होती.

हे ऐकून मी थक्क झालो. पायपुसण्याखाली किल्ली ठेवून दाराला कुलूप लावण्यातला हा प्रकार! पण थोडा विचार केल्यावर कळले, की ही कुणाची गफलत नव्हे, हा त्या धंद्याचा स्वभावच आहे. आमच्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी तारेने पैसे पाठवत. तारेत एक गुप्त आकडा असायचा. तो कोड बुकातल्या हिशेबाशी जुळल्याशिवाय पलीकडची शाखा दमडी देत नसे. कोड बुक दोन्ही शाखांच्या तिजोरीत कुलूपबंद, आणि मधला तारबाबू अनभिज्ञ. गुप्तता होती ती मधल्या माणसापासून. खेळाच्या बाबतीत मधे कुणी नाहीच. ज्याला माल पोचवायचा तोच ग्राहक, आणि ज्याच्यापासून लपवायचा तोही तोच ग्राहक! खेळ चालायचा तर त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच समोर कुलूप उघडले गेले पाहिजे. म्हणजे किल्ली या ना त्या रूपाने त्याच्या घरी पाठवलीच पाहिजे. तेव्हा हे कुलूप तिजोरीचे नव्हे. ते फार तर बागेच्या फाटकाची कडी. चोर तिने अडत नाही. पण 'आत येण्यापूर्वी विचारा' एवढे ती सांगते.

मग विचारायचे कुणाला आणि का? कडी घालणाऱ्याची बाजू आधी ऐकू. छोट्या खेळांतली चित्रे आणि संगीत पुष्कळदा बाहेरच्या चित्रकार-संगीतकारांकडून घेतलेले असते. 'आमची चित्रे तुमच्या खेळात वापरा, पण सुटी करून वाटू नका' अशी अट त्या व्यवहारात असते. खेळकर्ता कुलूप घालतो ते ती अट पाळल्याची खूण म्हणून. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये आणला. पहाडी चित्रशैलीच्या धर्तीची त्याची चित्रे, भिंती, देवळे यांत एका छोट्या चमूची काही वर्षे गेलेली आहेत. त्यातले एखादे देऊळ कुणी उचलून स्वतःच्या खेळात बसवले आणि तो खेळ विकला, तर ती चोरी आहे. तिथे 'मी फक्त फाइल उघडली' हा बचाव चालायचा नाही. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे या बाबतीत माझे मत पक्षपाती आहे आणि ते तसेच राहणार.

पण फाइल उघडणे हीच चोरी काय? इथे दोन देशांच्या कायद्यांनी दोन वाटा धरल्या आहेत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हाच गुन्हा मानला. आत जाऊन काय केले हा प्रश्न नंतरचा. मग दर तीन वर्षांनी कुणाकुणाला सूट द्यायची याचा काथ्याकूट तिथे चालतो. २०१५ साली, ज्या खेळांचे सर्व्हर कंपन्यांनीच बंद करून टाकले त्यांचे कुलूप उघडायला अशी मर्यादित सूट मिळाली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. त्यात भर हेतूवर आहे. हक्कांचा भंग करण्याच्या इराद्याने संरक्षक उपाय मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी मोडला तर हे कलम आड येत नाही. आणि गंमत म्हणजे, अशा कामासाठी जो दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करील त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची संपूर्ण नोंद ठेवावी असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे रजिस्टर! आमच्या लॉकर विभागात असायचे तसे. भारतीय मसुदाकाराच्या हृदयात एक कारकून कायमचा वस्तीला असतो, आणि मला त्याचे कौतुक वाटते.

याखेरीज खेळ बसवताना 'मान्य आहे' असे बटण दाबून आपण करार करतो, त्यात फाइली उघडू नका असे बहुधा लिहिलेले असते. तो करार वाचतो कोण? कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी मुकाट्याने सह्या करणारे हजारो खातेदार मी पाहिले आहेत. न वाचता केलेली सही बंधनकारक असते हे खरे. पण सही करवून घेणाऱ्याच्या अंगीही काही जबाबदारी येते, हेही तितकेच खरे.

कारण कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. २००५ सालची गोष्ट घ्या. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियाज' या गाजलेल्या खेळात एक कामुक प्रसंग बनवून कंपनीने ऐनवेळी रद्द केला होता. रद्द केला म्हणजे दार बंद केले. माल तबकडीत तसाच राहिला. नेदरलँड्समधल्या एका हौशी माणसाने ते दार उघडणारे मॉड काढले आणि गहजब झाला. कंपनीचा पहिला पवित्रा असा, की हा बाहेरच्या हॅकरांचा उद्योग. पण तो प्रसंग मूळ तबकडीतच आहे हे लपणार कसे? अखेर कबुली द्यावी लागली, खेळाचा दर्जा बदलून 'फक्त प्रौढांसाठी' करण्यात आला आणि दुकानांनी तो फडताळावरून उतरवला. ज्या आईबापांनी आपल्या मुलांना तो आणून दिला होता, त्यांना आत काय आहे हे कळले ते गाठोडे सोडणाऱ्यामुळे. अन्नाच्या डब्यात काय आहे ते पाहणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.

त्याच घटनेला दुसरीही बाजू आहे आणि ती मला लेखक म्हणून टोचते. लेखकाने खोडलेले प्रकरण टोपलीतून उचलून छापण्याचा हक्क वाचकाला आहे काय? माझ्या टोपलीतले कागद कुणी छापले तर मी भांडेन. आणि तरीही 'व्हँपायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स'सारखे उदाहरण समोर येते. २००४ मध्ये हा खेळ घाईघाईने, चुकांसह बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी तो बनवणारी ट्रॉयका कंपनी बंद पडली. त्यानंतर वर्षानुवर्षे चाहत्यांनी फाइली उघडून चुका दुरुस्त केल्या, अर्धवट सोडलेले भाग जोडून दिले. आज तो खेळ नीट खेळता येतो तो त्यांच्यामुळे. लेखकच उठून गेल्यावर मुद्रितशोधन कुणी करायचे? एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा तेही निरनिराळ्या पोथ्या उघडून बसले होते. आणि काम झाल्यावर, यात पुढे कुणी आपली ओवी घालू नये, अशी कडक तंबी त्यांनीच देऊन ठेवली. जतन करणे वेगळे आणि भर घालणे वेगळे, ही सीमारेषा आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी आखलेली आहे. पाळली गेली का, हे गाथ्यांमधले प्रक्षिप्त अभंग शोधणाऱ्या संशोधकांना विचारा.

भर घालण्याचा प्रश्न अमेरिकेतल्या एका खटल्यात फार चांगला पुढे आला. 'ड्यूक न्यूकेम थ्री-डी' या १९९६ च्या खेळाबरोबर नकाशे बनवण्याचे अवजार दिलेले होते. अट एकच, बनवलेले नकाशे फुकट वाटायचे. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने लोकांनी केलेले तीनशे नकाशे गोळा केले, तबकडीवर घातले आणि विकायला काढले. मूळ खेळाच्या फॉर्मजेन कंपनीशी झालेला वाद कोर्टात गेला. मायक्रो स्टारचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता : नकाशाच्या फाइलीत खेळाचे एकही चित्र नाही, कोणते चित्र कुठे मांडायचे याच्या सूचना तेवढ्या आहेत. अपील कोर्टाने १९९८ मध्ये तो फेटाळला. चित्रे खेळाच्याच कोठारातून येतात; पात्र तेच, जग तेच, पुढची कथा मात्र नवी; म्हणजे हा मूळ कथेचा उत्तरभागच झाला, आणि उत्तरभाग लिहिण्याचा हक्क मूळ मालकाचा, असा त्या निकालाचा आशय.

निकाल मला पटतो. पण त्यात एक माणूस कुठेच दिसत नाही. ते तीनशे नकाशे ज्यांनी रात्री जागून केले, ते लोक कुठे आहेत? भांडण दोन कंपन्यांचे. डूमच्या बाबतीतही हेच घडले होते. लोकांनी फुकट वाटलेले शेकडो नकाशे न विचारता तबकड्यांवर घालून इतरांनी विकले. 'मालमत्ता' म्हटली की आपल्याला कंपनीची आठवते, हौशी माणसाची आठवत नाही. ब्लिझार्डने २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट थ्री' नव्या रूपात आणला तेव्हा त्यावर खेळाडू जे नकाशे बनवतील त्यांची मालकी कंपनीची, असे अटींतच लिहून टाकले. याचे कारण उघड होते. जुन्या वॉरक्राफ्टवर खेळाडूंनी बनवलेल्या 'डोटा' नावाच्या नकाशातून पुढे एक अख्खा धंदा उभा राहिला आणि त्या नावावरून ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह यांच्यात झालेला वाद २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. पुन्हा असे घडू नये म्हणून सावकाराने कूळकायद्यापूर्वीचा कागद करून घेतला! २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम'ची मॉडे विकत देण्याची योजना काढली. तीत मॉड करणाऱ्याचा वाटा २५ टक्के, उरलेले ७५ टक्के दोन कंपन्यांचे. इतका ओरडा झाला की आठवडा उलटायच्या आत योजना गुंडाळावी लागली. ओरडा नुसता टक्केवारीचा नव्हता. एका मॉडमध्ये दुसऱ्याच्या मॉडचे काम मिसळलेले निघाले. फुकटच्या व्यवहारात जे उसनवारीने चालत होते, ते पैसे येताच चोरी ठरले.

मला स्वतःला या उसनवारीचा अनुभव आहे. माझ्या एका कादंबरीवरून एका गावच्या हौशी मंडळींनी न विचारता नाटक बसवले, शेवट बदलून नायिकेला माहेरी परत पाठवले. मला कळले ते प्रयोग होऊन गेल्यावर. शेवट बदलल्याचा राग आला, हे खरे. पण कुणीतरी रात्री जागून माझी माणसे रंगमंचावर उभी केली याचे सुखही लपवता येईना. माझी तक्रार एकच होती : जाहिरातीवर माझे नाव नव्हते. पैसे मागितले असते तर त्यांनी नाटकच केले नसते. नाव घालायला पैसे पडत नाहीत.

आता त्या मुलाकडे. तो काय करत होता ठाऊक आहे? तो एक छोटा, परदेशी दोघातिघांनी मिळून बनवलेला खेळ मराठीत आणत होता. खेळ त्याने विकत घेतलेला. संवादांच्या फाइली उघड्याच होत्या. पण पाट्या, फलक आणि शीर्षक ही चित्रे होती आणि चित्रांना कुलूप होते. तेवढ्यासाठी त्याने ते काढले. पुढे खरी अडचण आली ती निराळीच. हा खेळ संवाद पडद्यावर एकेक अक्षर सुटे करून छापतो. रोमन लिपीला ते चालते. देवनागरीत मात्र 'कि' लिहायला गेले की वेलांटी एकीकडे आणि 'क' दुसरीकडे. जोडाक्षरांची तर हाडे मोडलेली! पोराने त्यासाठी खेळाच्या यंत्रणेतला अक्षरे छापणारा भागच नव्याने लिहिला. मराठीच्या नावाने व्यासपीठावरून गळे काढणारे आपण सगळे, आणि हा इकडे रात्री एक वाजता ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसवत होता.

त्याने केलेले वाटावे काय? संपूर्ण खेळ मराठी करून मित्रांना देणे सोपे होते आणि चूक होते, कारण मग खेळ कुणी विकत घेतला नसता. दुसरी वाट त्या जगात रूढ आहे : फक्त फरकाची फाइल द्यायची. ज्याच्याजवळ मूळ खेळ आहे त्यालाच ती उपयोगी. निन्टेन्डोचा 'मदर थ्री' हा खेळ २००६ मध्ये फक्त जपानीत निघाला. चाहत्यांनी २००८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते असेच, केवळ फरकाच्या रूपात वाटले. डूमच्या पुरवणी-फाइलीचीच ही भावकी. याने प्रत्येक हक्काचा प्रश्न सुटत नाही; भाषांतराचाही हक्क लेखकाचाच असतो. म्हणून मी त्याला म्हटले, खेळाच्या शेवटी नावे आहेत ना, त्यांना पत्र लिही. त्याने लिहिले. इंग्रजी मी तपासले, फार बदलावे लागले नाही. उत्तर अद्याप आलेले नाही आणि तोवर ती फाइल त्याच्या संगणकातच आहे. त्याच्या आईला मी एवढेच सांगितले, की चोर पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत नाही. जागरणाबद्दल काय ते त्यांनी बघावे. तो माझा प्रांत नव्हे.

एका बाबतीत मात्र मी त्याच्याशी जराही तडजोड केली नसती. चारचौघांबरोबर खेळायच्या खेळात फाइली बदलून भिंतीपलीकडचा शत्रू दिसेल अशी सोय काही जण करतात. तंत्र तेच, हात तेच. पण इथे कंपनीला नव्हे, समोर बसलेल्या माणसाला फसवलेले असते. पत्ते पिसताना खूण करणाऱ्याला आपल्याकडे जे नाव आहे तेच याला.

इड कंपनीने डूमचा प्रोग्रॅम १९९७ च्या अखेरीस सर्वांना खुला करून टाकला. पुढे १९९९ मध्ये अधिक मोकळ्या परवान्याखाली. माल मात्र खुला केला नाही. चित्रे, आवाज, राक्षस आजही कंपनीच्या मालकीचे. तेव्हा काही मंडळींनी काय केले, तर 'फ्रीडूम' नावाचा प्रकल्प काढून त्यातली एकेक वस्तू नव्याने, स्वतःच्या हाताने घडवली : प्रत्येक भिंत, प्रत्येक राक्षस, प्रत्येक किंकाळी. गाठोडे तसेच, नावे तीच, आतला ऐवज सगळा स्वतःचा.

आणि मूळ डूमचे कितीतरी नकाशे ज्याने रचले, तो जॉन रोमेरो? तो १९९६ मध्येच इडमधून बाहेर पडला होता. मार्च २०२२ मध्ये त्याने 'डूम टू'साठी एक नवा नकाशा काढला आणि पाच युरोला विकून ते पैसे युक्रेनमधल्या युद्धग्रस्तांसाठी रेड क्रॉस आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीला देऊ केले. त्याची फाइलही पुरवणीचीच आहे. ती खेळायची तर खेळाडूजवळ डूम टूची मूळ फाइल असावी लागते.